पीकेडीचं नवीन औषध आलंय म्हणे, मग आपण काय करायचं? सोलापूरकरांसाठी सगळं एका जागी

ज्यांच्या घरात पीकेडी (पॉलिसिस्टिक किडनी डिसीज, किडनीत गाठी होण्याचा पिढीजात आजार) आहे त्यांना हे चांगलंच माहितीये, अधूनमधून कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतंच की किडनीच्या गाठींवर औषध सापडलं, गाठी विरघळतात, आता डायलिसिसची गरज नाही, आणि मग घरात दोन दिवस तोच विषय. माझ्या सासरी हा आजार आहे, सासूबाईंना होता, नवऱ्याला आहे, नणंदेला आहे, आणि सगळ्यांच्या फायली मीच सांभाळते म्हणून हळूहळू वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली ती म्हणजे नवीन औषधांच्या मागे धावायच्या आधी आपल्या पेशंटचा आजार नेमका कुठल्या प्रकारचा आणि किती वेगाने पुढे जातोय हे माहीत पाहिजे, नाहीतर चांगलं औषध समोर आलं तरी ते आपल्यासाठी आहे का नाही हेच कळत नाही. मी डॉक्टर नाही, इथलं वाचून कुठलंही औषध स्वतःहून सुरू करू नका, पण डॉक्टरांसमोर बसताना काय विचारायचं ते यातून नक्की मिळेल.

आधी आजार थोडक्यात. आपल्याकडे मोठ्या माणसांत दिसतो तो एडीपीकेडी, आई किंवा वडील दोघांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के, मुलगा असो की मुलगी. पहिल्या मुलाला आला म्हणून दुसरा सुटला असं काही नसतं, प्रत्येकाचा हिशोब वेगळा. दोन जीन मुख्य आहेत, पीकेडी१ आणि पीकेडी२, पहिली १६ नंबरच्या क्रोमोसोमवर, दुसरी ४ नंबरच्या. बहुतेक घराण्यांत पीकेडी१ असते आणि ती जास्त त्रासदायक, पीकेडी२ वाल्यांची किडनी म्हातारपणापर्यंतसुद्धा टिकते. किडनीत पाण्याचे छोटे छोटे फोड, म्हणजे सिस्ट, तयार होतात आणि वर्षानुवर्षं वाढत जातात, शेवटी किडनी द्राक्षाच्या घडासारखी दिसायला लागते. लहान बाळांत दिसणारा एआरपीकेडी वेगळा, त्यात आईवडील दोघेही बिघडलेली जीन बाळगून असतात आणि प्रत्येक बाळाला शक्यता २५ टक्के, त्याबद्दल इथे लिहीत नाही, तो लहान मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांचा विषय आहे.

आता एक गैरसमज आधीच काढून टाका. क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी बिघडली की वाढतो) नॉर्मल आहे म्हणजे सगळं ठीक असं या आजारात धरायचं नाही. गाठी वाढत असतात, किडनीचा चांगला उरलेला भाग जास्त काम करून सगळं सांभाळून नेतो, म्हणून कितीतरी वर्षं क्रिएटिनिन हलतच नाही आणि एकदा वर जायला लागलं की तोपर्यंत बराच भाग गेलेला असतो. नवीन औषधं बहुतेक सगळी वेग कमी करणारी आहेत, गेलेली किडनी परत आणणारी नाहीत, म्हणून हातात वेळ आहे तेव्हाच हे सगळं बघायचं.

फाईल अशी तयार करा

घरात सोनोग्राफीचे जुने रिपोर्ट कुठेतरी कपाटात असतील ते सगळे बाहेर काढा आणि तारखेप्रमाणे लावा. क्रिएटिनिनचे सगळे आकडे एका कागदावर लिहा, तारीख, आकडा, आणि त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करतेय त्याचा अंदाजी आकडा. एकटा एक आकडा काही सांगत नाही, चार-पाच वर्षांचे आकडे एकाखाली एक आले की उतार दिसतो. दरवर्षी ३ किंवा जास्त ईजीएफआर कमी होत असेल आणि त्याला दुसरं काही कारण नसेल तर आजार वेगाने चाललाय असं डॉक्टर धरतात.

दुसरी गोष्ट किडनीचा आकार. यासाठी मेयो क्लासिफिकेशन म्हणून एक पद्धत आहे, २०१५ पासून वापरतात, त्यात एमआरआय किंवा सीटीवरून दोन्ही किडन्यांचं एकूण आकारमान काढतात, त्याला उंचीने भागतात, वय बघतात आणि १ए पासून १ई पर्यंत गट ठरवतात. १ए, १बी म्हणजे सावकाश, १सी, १डी, १ई म्हणजे वेगाने. एमआरआयला कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) लागत नाही या कामासाठी, ते आधीच विचारून घ्या. खर्च परवडत नसेल तर साध्या सोनोग्राफीतूनही अंदाज येतो, ४५ च्या आतल्या माणसाची किडनी १६.५ सेंटीमीटरपेक्षा लांब असेल तर ते वेगाने वाढणाऱ्यांपैकी असण्याची शक्यता जास्त. सोनोग्राफीवाल्यांना सांगा की दोन्ही किडन्यांची लांबी सेंटीमीटरमध्ये लिहाच, नुसतं "मल्टिपल सिस्ट" लिहून दिलं की पुढच्या वर्षी तुलना कशाशी करणार.

तिसरं म्हणजे घराण्याचा तक्ता. कोणाला कितव्या वर्षी डायलिसिस लागलं, कोणाला पस्तिशीच्या आत बीपी सुरू झालं, लघवीतून रक्त कुणाला गेलं, आणि हे विसरू नका, घरात कुणी मेंदूतली रक्तवाहिनी फुटून अचानक गेलं का. पीकेडीवाल्यांत मेंदूच्या रक्तवाहिनीला फुगा येण्याचं प्रमाण बाकीच्या लोकांपेक्षा जास्त असतं, साधारण दहातल्या एकाला. घरात असं कुणी गेलेलं असेल तर डॉक्टर मेंदूचा एमआर अँजिओ (एमआरआयवर रक्तवाहिन्या बघणं) करायला सांगतात. आपल्याकडे म्हातारी माणसं सांगतात "डोकं दुखलं आणि गेली", ते नुसतं ऐकून सोडून देऊ नका, तक्त्यात लिहा. आत्या, मावशी, चुलत्यांना फोन करून विचारा, लग्नाकार्यात भेटतात तेव्हा तर हे काम लई सोपं होतं, पण लोक लपवतात, मुलींच्या लग्नाची भीती असते, म्हणून चारचौघांत नाही तर बाजूला घेऊन विचारा.

चौथं जीन टेस्ट. सगळ्यांना लागतेच असं नाही, घरात आजार माहीत असेल आणि सोनोग्राफी स्पष्ट असेल तर निदान तिथेच झालं. पण आता मी म्हणेन की जमत असेल तर घरातल्या एका पेशंटची करून ठेवा, कारण पुढे येणारी काही औषधं ठराविक जीनबिघाड असलेल्यांसाठीच आहेत (खाली लिहिलंय). रक्ताचा नमुना सोलापुरातून घेऊन पुढे मोठ्या लॅबला पाठवतात. लॅबला एक प्रश्न जरूर विचारा, पीकेडी१ नीट वाचता येते का? कारण त्याच १६ नंबरच्या क्रोमोसोमवर पीकेडी१ शी अगदी मिळतीजुळती सहा बिनकामाची जीन आहेत आणि साध्या टेस्टमध्ये त्यांची सरमिसळ होऊन रिपोर्ट चुकू शकतो. त्यांनी "त्यासाठी वेगळी पद्धत वापरतो" असं सांगितलं तर ठीक, काहीच माहीत नसेल तर दुसरी लॅब बघा.

आज हातात काय आहे

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे बीपी. हे नवीन औषध नाही म्हणून लोक पुढे सरकतात, पण अमेरिकेत हाल्ट-पीकेडी नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१४ ला छापून आला, त्यात पन्नाशीच्या आतल्या, किडनीचं काम अजून चांगलं असलेल्या लोकांचं बीपी ११०/७५ किंवा त्याखाली ठेवलं तर नेहमीच्या बीपीवाल्यांपेक्षा किडनी वाढण्याचा वेग १४ टक्क्यांनी कमी झाला. २०२५ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्येही १८ ते ४९ वयाच्या अशा पेशंटला, झेपत असेल तर, हेच टार्गेट दिलंय, आणि तेसुद्धा घरी मोजलेलं बीपी. म्हणजे १३०/८० ला "चांगलंय की" म्हणून थांबायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं की आमच्या पेशंटचं टार्गेट किती. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको, सकाळी आणि संध्याकाळी पाच मिनिटं शांत बसून दोनदा मोजा आणि वहीत लिहा. गोळ्या बहुतेक टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गटातल्या असतात, यांनी पोटॅशियम वाढू शकतं म्हणून मधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि बाईला दिवस राहायचे असतील तर आधीच डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायच्या, हे फार महत्त्वाचं आहे.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट छोटा चमचा, सगळं धरून. आपली ज्वारीची भाकरी, कडक भाकरी यात फारसा प्रश्न नाही, प्रश्न तिच्यासोबत येणाऱ्या शेंगाचटणीचा, ठेच्याचा, लोणच्या-पापडाचा आणि हॉटेलच्या रश्श्याचा. शेंगाचटणी सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, सोलापुरात राहून ते होणारच नाही, घरी कुटताना मीठ अर्ध्यावर आणा, पंधरा दिवसांत जिभेला सवय होते.

आता मुख्य औषध, टॉल्वॅप्टन. या आजारासाठी म्हणून मंजूर झालेलं हे पहिलं औषध, जपानमध्ये २०१४ ला, युरोपात २०१५ ला, अमेरिकेत २०१८ ला. काम कसं करतं ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळतं. आपल्या शरीरात व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन आहे, ते किडनीला सांगतं की पाणी धरून ठेव. पीकेडीच्या पेशींत हेच हार्मोन सीएएमपी नावाचा एक निरोप वाढवतं आणि त्याने सिस्टच्या पेशी वाढतात, सिस्टमध्ये पाणी भरत जातं. टॉल्वॅप्टन ते हार्मोन जिथे चिकटतं ती जागाच अडवतं. त्यामुळे सिस्ट सावकाश वाढतात, आणि त्याच कारणाने पाणी धरून ठेवणं बंद होऊन लघवी भरपूर होते, म्हणजे लघवी हा वेगळा बिघाड नाही, औषध काम करतंय त्याचाच तो भाग.

फायदा किती तर टेम्पो नावाच्या अभ्यासात १४४५ लोक होते, तीन वर्षं, औषधवाल्यांची किडनी दरवर्षी २.८ टक्क्यांनी वाढली, नुसत्या गोळीवाल्यांची (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) ५.५ टक्क्यांनी. नंतर रिप्राईज नावाचा अभ्यास २०१७ ला आला, त्यात एका वर्षात ईजीएफआर औषधवाल्यांचा २.३४ ने उतरला आणि दुसऱ्या गटाचा ३.६१ ने. म्हणजे घसरण साधारण एक तृतीयांश कमी. ऐकायला छोटं वाटतं, पण पस्तिशीत सुरू केलं आणि वर्षानुवर्षं टिकलं तर डायलिसिस काही वर्षं पुढे जातं, आणि त्या काही वर्षांत मुलांची शिक्षणं होतात, घराचे हप्ते फिटतात. मला तरी ते छोटं वाटत नाही.

पण हे सगळ्यांसाठी नाही. ज्यांचा आजार वेगाने चाललाय, म्हणजे वर सांगितलेले १सी ते १ई वाले, त्यांनाच देतात. १ए वाल्याला फायदा कमी आणि त्रास तेवढाच. म्हणून ती फाईल.

आपल्याकडे टॉल्वॅप्टनच्या १५ आणि ३० मिलीग्रॅमच्या गोळ्या मिळतात, मुख्यतः रक्तातलं सोडियम कमी झालेल्यांसाठी वापरतात, म्हणून मेडिकलवाला म्हणेल की हे तर सोडियमचं औषध आहे. पीकेडीचा डोस वेगळा असतो, सकाळी ४५ आणि आठ तासांनी १५ पासून सुरुवात करतात आणि सहन होईल तसं वाढवत जास्तीत जास्त ९० आणि ३० पर्यंत. दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून आणायचं हे औषध नाही. आणि रोज, कायम घ्यायचं असल्यामुळे महिन्याचा खर्च किती येणार ते सुरू करायच्या आधीच विचारा, मधेच पैशामुळे बंद करायला लागू नये.

लिव्हरचं बघा. अभ्यासांत शंभरात साधारण पाच जणांचे लिव्हरचे एन्झाइम बरेच वाढले, औषध थांबवल्यावर बहुतेकांचे खाली आले, पण क्वचित लिव्हरला मोठी इजा झाल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून सुरू करण्याआधी, मग दोन आठवड्यांनी, चार आठवड्यांनी, मग दीड वर्ष दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी लिव्हरची टेस्ट. ही टेस्ट चुकवायचीच नाही, फोनवर रिमाइंडर लावा. लघवी गडद, डोळे पिवळे, उजव्या बाजूला पोटात दुखणं, जेवण नकोसं, असं काही झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

सोलापूरकरांनी सगळ्यात जास्त विचार करायचा तो पाण्याचा. दिवसाला पाच-सहा लिटर लघवी होते, रात्री उठावं लागतं, आणि तेवढं पाणी परत प्यावंच लागतं. आता आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४३-४४ ला जातो, वर घाम वेगळा. नळाला रोज पाणी येत नाही हे काही नवीन नाही, तर पिण्याचं पाणी पेशंटसाठी वेगळं भरून ठेवावं लागतं. यंत्रमागावर आठ-दहा तास उभं राहणारा माणूस, एसटीने रोज अक्कलकोट-बार्शी करणारा माणूस, बाजारात हातगाडी लावणारी बाई, यांना दर तासाला बाथरूम कुठून मिळणार? बायकांच्या बाबतीत तर हा प्रश्न दुप्पट अवघड आहे, आपल्या बाजारपेठेत स्वच्छ बाथरूम शोधून दाखवा. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका, कारण पाणी कमी प्यायलं तर सोडियम वाढतं, किडनीवरच ताण येतो. काही जणांना डॉक्टर सुट्टीत किंवा थंडीत सुरू करायला सांगतात म्हणजे शरीराला सवय होते, हे विचारून बघा. आणि जुलाब, उलट्या, ताप, कडक उपवास, ऑपरेशन, लांबचा प्रवास जिथे पाणी मिळणार नाही, अशा दिवशी गोळी थांबवायची असते, कधी आणि किती दिवस ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. निर्जळी एकादशी किंवा रोजे करणाऱ्यांनी तर आधीच बोलायला पाहिजे.

अजून एक, काही औषधांबरोबर टॉल्वॅप्टन रक्तात फार वाढतं. आपल्याकडे घामाने गजकर्ण होतं आणि त्याला इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल सर्रास देतात, घशाला क्लॅरिथ्रोमायसिन देतात, ही सगळी त्यातली. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर टॉल्वॅप्टन चालू आहे हे आधी सांगा. ग्रेपफ्रूट, पपनसही टाळा.

मग ज्यांना टॉल्वॅप्टन नाही त्यांनी नुसतं भरपूर पाणी प्यायलं तर? विचार बरोबर आहे कारण पाणी प्यायलं की व्हॅसोप्रेसिन कमी होतं, पण ऑस्ट्रेलियात १८४ लोकांवर तीन वर्षं हे तपासलं आणि किडनीच्या वाढीत फरक पडला नाही. किडनीचं काम ठीक असेल तर दोन-तीन लिटर प्या, खड्यांसाठीही चांगलं, पण त्याला औषध समजू नका आणि किडनी बरीच गेलेली असेल, सूज असेल तर किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

तपासणीत काय काय आहे

इथे मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे, आणि सगळ्यात जास्त सावध पण इथेच राहायचं.

फाराबर्सेन नावाचं इंजेक्शन आहे, कातडीखाली द्यायचं. आपल्या पेशींत मायक्रो-आरएनए-१७ नावाचा एक छोटा घटक पीकेडीच्या जीनचं काम दाबून ठेवतो. ज्याची एक जीन बिघडलेली आहे त्याची दुसरी तरी चांगली असते, तर हे इंजेक्शन तो दाब काढून चांगल्या जीनकडून जास्त काम करून घेतं. रेग्युलस नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीने ते काढलं, सुरुवातीच्या छोट्या अभ्यासात आशा वाटावी असं दिसलं आणि २०२५ मध्ये नोव्हार्टिसने ती कंपनीच विकत घेतली. पण मोठ्या अभ्यासाशिवाय काही खरं नाही.

दुसरं व्हीएक्स-४०७, व्हर्टेक्स कंपनीचं, पोटात घ्यायचं औषध. पीकेडी१ जीनच्या काही बिघाडांत प्रोटीन तयार होतं पण त्याची घडी नीट बसत नाही, ती घडी दुरुस्त करायचा हा प्रयत्न. पण हे फक्त ठराविक बिघाड असलेल्यांसाठी, एकूण पेशंटपैकी साधारण १० टक्के. इथेच जीनचा रिपोर्ट कामाला येतो, ज्यांच्या बिघाडात प्रोटीन अर्ध्यातच तुटतं त्यांना घडी दुरुस्त करून उपयोग काय.

डायबेटिसची जुनी गोळी मेटफॉर्मिन, तिचा मोठा अभ्यास इम्पीड-पीकेडी ऑस्ट्रेलियातून चालवला जातोय. स्वस्त गोळी आहे, चाललं तर आपल्यासारख्यांना सगळ्यात मोठा फायदा, म्हणून मी याच्याकडे डोळे लावून बसलेय. पण डायबेटिस नसलेल्या पीकेडीवाल्याने आत्ताच स्वतःहून सुरू करू नये, किडनी कमी झाली की मेटफॉर्मिनचा डोस कमी किंवा बंद करावा लागतो.

डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या डायबेटिसच्याच नव्या गोळ्या, बाकीच्या किडनीच्या आजारांत यांनी कमाल केली, पण त्या मोठ्या अभ्यासांतून पीकेडीवाल्यांना मुद्दाम बाहेर ठेवलं होतं. या गोळ्यांनी व्हॅसोप्रेसिन वाढू शकतं अशी शंका आहे, आता खास पीकेडीवाल्यांवर अभ्यास चाललेत. शेजारच्या काकांना किडनीसाठी दिली म्हणून आपल्याला पण, असं करू नका.

केटो आणि कमी खाण्याचे अभ्यासही आहेत, उंदरांत छान दिसलं, माणसांत छोट्या गटांवर चाललंय. आणि उंदरांतलीच एक गोष्ट सांगते कारण ती मला फार धीर देते, येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की उंदराच्या किडनीत सिस्ट झाल्यावर सुद्धा ती जीन परत चालू केली तर सिस्ट मागे हटतात. म्हणजे रस्ता एकाच बाजूने जाणारा नाही. माणसात जीन दुरुस्त करून देणारं औषध अजून दूर आहे, पण दिशा कळली.

जी चालली नाहीत ती पण माहीत असू द्या

कारण यांचे जुने लेख अजून "नवीन उपचार" म्हणून फिरतात. सिरोलिमस आणि एव्हरोलिमस, २०१० मध्ये मोठे अभ्यास आले. एव्हरोलिमसने किडनीची वाढ थोडी मंदावली पण काम काही वाचलं नाही, आणि साईड इफेक्ट भरपूर. लॅनरिओटाईड, २०१८, किडनीचं काम वाचलं नाही (लिव्हरमध्ये फार मोठ्या गाठी असतील तर या गटाचं औषध काही जणांना देतात, तो वेगळा विषय). व्हेंगलुस्टॅट २०२१ मध्ये बंद, लिक्सीव्हॅप्टन २०२२ मध्ये लिव्हरच्या त्रासामुळे बंद, बार्डोक्सोलोन २०२३ मध्ये कंपनीने थांबवलं.

यावरून बातमी कशी वाचायची ते कळतं. पहिला प्रश्न, उंदीर की माणूस. दुसरा, माणसं किती आणि किती दिवस. तिसरा, मोजलं काय, किडनीचा आकार की किडनीचं काम? एव्हरोलिमसने शिकवलं की नुसता आकार कमी वाढला म्हणून काम वाचतंच असं नाही. चौथा, ज्यांच्यावर तपासलं ते आपल्या पेशंटसारखे होते का, वय, ईजीएफआर, जीन. या चार प्रश्नांत बहुतेक मेसेज तिथेच निकाली निघतात.

आणि गाठी विरघळवतो म्हणून पुड्या, काढे, भस्म देणारे, त्यांच्याबद्दल कळकळीने सांगते, ते घेऊ नका. काही भस्मांत शिसं, पारा सापडलेला आहे आणि आपली किडनी आधीच अडचणीत. कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन खात राहणंही तसंच वाईट, दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून.

ट्रायलमध्ये जायचं असेल तर

भारतात चालणारी प्रत्येक ट्रायल सीटीआरआय या सरकारी रजिस्टरवर आधी नोंदवावी लागते, २००९ पासून सक्तीचं आहे. तिथे आजाराचं नाव टाकून शोधा, कुठल्या गावात, कुठल्या हॉस्पिटलात, वय आणि ईजीएफआर किती पाहिजे, सगळं दिसतं. सोलापुरात नसेल तर पुणे, मुंबई, हैदराबाद बघा, हैदराबाद आपल्याला वाटतं तेवढं लांब नाही. फॉर्मवर सही करण्याआधी मराठीतून माहिती मागा, तो तुमचा हक्क आहे, घरी नेऊन वाचा. गावाकडून येण्याजाण्याचा खर्च देणार का, अर्ध्या लोकांना नुसती गोळी मिळते तर तो गट चिठ्ठ्या टाकल्यासारखा ठरणार का, ट्रायल संपल्यावर औषध मिळत राहणार का, मधेच सोडता येईल ना, हे सगळं विचारा. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई द्यावी लागते. आणि ट्रायलच्या औषधासाठी कुणी पैसे मागितले तर तिथून सरळ उठून या.

घरातल्या बाकीच्यांचं

१८ च्या पुढच्या मुलांनी सोनोग्राफी करायची की नाही हे त्यांनी स्वतः ठरवावं, पण समजावून सांगा की आता नुसतं "कळून काय उपयोग" असं राहिलेलं नाही, बीपी लवकर पकडलं तर उपयोग आहे. लहान मुलांची सोनोग्राफी उगाच करत बसू नका, पण पाच वर्षांनंतर अधूनमधून बीपी बघून घ्या. घराण्यात आजार असलेल्या १५ ते ३९ वयाच्या माणसाला दोन्ही किडन्या मिळून तीन सिस्ट दिसल्या तरी निदान होतं, पण उलट तरुणपणी सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून सुटलो असं नक्की म्हणता येत नाही, चाळिशीनंतर ते बरंच खात्रीने सांगता येतं. नवरा-बायकोला मूल हवंय आणि आजार पुढे जाऊ नये असं वाटत असेल तर जीनचा बिघाड माहीत असताना आयव्हीएफमध्ये गर्भाची तपासणी करता येते, खर्चिक आहे पण आहे.

किडनी द्यायला भाऊ-बहीण पुढे आले तर त्यांची पीकेडीसाठी तपासणी आधी, आणि ते तरुण असतील तर नुसत्या सोनोग्राफीवर समाधान मानू नका, एमआरआय किंवा जीन टेस्ट करून घ्या. बसवलेल्या नव्या किडनीत हा आजार परत येत नाही, हे सगळ्यांना सांगा, लोकांना माहीतच नसतं. ईजीएफआर २० च्या जवळ यायला लागला की डायलिसिसची वाट न बघता ट्रान्सप्लांटचं बोलणं सुरू करा. मेंदूमृत दात्याची किडनी हवी असेल तर आपल्या सोलापूरचं नाव पुण्याच्या झेडटीसीसीकडे (अवयव वाटपाची विभागीय समिती) नोंदवलं जातं, त्यासाठी ट्रान्सप्लांट करणाऱ्या हॉस्पिटलातूनच अर्ज करावा लागतो, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस आणि ट्रान्सप्लांट दोन्ही आहेत, तर रेशनकार्ड आणि आधारकार्डावरचं नाव जुळतंय का ते आत्ताच तपासून घ्या, ऐनवेळी त्या एका अक्षरासाठी खेटे घालावे लागतात.